दहा मिनिटे हात न लागल्यास

पाणीमीटर-तक्रार कक्षाच्या अधीक्षकांना इमारतीत सगळे कुलूपकाका म्हणत. त्यात टिंगल आहे हे काकांना ठाऊक होते. पण टिंगल करणाऱ्यांच्याच घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे असत, त्यामुळे ते मनावर घेत नसत. घराबाहेर पडताना ते दाराला कुलूप लावत, ओढून बघत, दोन पायऱ्या उतरत, परत येऊन ओढून बघत आणि कोपऱ्यावर पोचल्यावर काकूंना विचारत, "गॅस?" काकू म्हणत, "बंद." "मागचा नळ?" "बंद." "नक्की?" यावर काकू काही बोलत नसत. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाल्यावर तोंडसुद्धा वेळेवर बंद ठेवायचे असते, हे त्यांना समजले होते.

अशा माणसाच्या टेबलावर नशिबाने नेमका असा संगणक आणून ठेवला, की ज्यात काही म्हणता काही बंद होत नसे.

झाले होते ते असे. खात्याने तक्रारींसाठी नवी प्रणाली आणली. नागरिकाने केलेली तक्रार एका विंडोत उघडे. तिच्यावर टिचकी मारली की मीटरचा फोटो दुसऱ्या विंडोत, गल्लीचा नकाशा तिसऱ्या विंडोत आणि त्याच माणसाच्या जुन्या तक्रारी चौथ्या विंडोत. उघडण्याचे काम प्रणाली आपणहून करी. बंद करण्याचे काम कंत्राटात लिहायचे राहून गेले होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काकांच्या पडद्यावर ऐंशी-नव्वद विंडो साचत, संगणक जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकू लागे, आणि एकीचे उत्तर दुसरीत लिहिले जाई. एका बाईंना "आपल्या मीटरमध्ये बेडूक आढळला, तो काढण्यात आला आहे" असे पत्र गेले. त्यांची तक्रार चार महिने पाणीच येत नाही अशी होती. बाईंनी उलटटपाली विचारले, की मग बेडूक जगला कशावर. या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कक्षाने द्यायचे यावर अजून टिपणी फिरते आहे.

काका संगणक कक्षात गेले. तिथल्या मॅडम तीन पडद्यांच्या मागे बसत आणि येणाऱ्याला फक्त कपाळ दिसे.

"हाताने बंद करा," कपाळ म्हणाले.

"दिवसाला तीनशे होतात."

"मग थोड्या थोड्या करा."

"आपोआप बंद व्हायची काही सोय नाही का?"

"आहे की. ब्राउझरला एक्स्टेन्शन जोडतात. छोटासा प्रोग्रॅम असतो. अमुक विंडो बंद कर म्हटलं की तो करतो."

"मग जोडा ना."

"बाहेरचं काही जोडायला परवानगी नाही."

"आतलं जोडा."

"आतलं कोणी लिहिलेलं नाही."

"समजा, लिहिलं कोणी?"

"मग ते बाहेरचं झालं," मॅडम म्हणाल्या.

काका परत आले. माणूस नाही म्हटलेले ऐकून घेतो. पण नियम इतका गोल असला की त्याला धरायला कोपराही सापडू नये, तेव्हा अब्रूदार माणसाच्या आत काहीतरी हलते. काकांनी त्याच संध्याकाळी ठरवले, की हा प्रोग्रॅम आपण स्वतः लिहायचा. ते विज्ञान शाखेचे पदवीधर होते. पदवी तीस वर्षांपूर्वीची होती, पण ती परत कोणी मागितलेली नव्हती.

अडचण एकच होती. घरात संगणक एक, आणि तो मुलीचा होता. म्हणजे पैसे काकांनी दिले होते, पण मुलगी चौदा महिने त्याच्यावरून नोकरीचे अर्ज करत होती, आणि कसेल त्याची जमीन या न्यायाने तो आता तिचा झाला होता. एकतीस अर्ज, नऊ चाचण्या, चार मुलाखती. यातल्या एका कंपनीची शेवटची फेरी तेवढी उरली होती. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष शोधायचे, असे काम होते. मुलीला ते मनापासून हवे होते. काकांच्या मते दुसऱ्याचे दोष काढायला पगार देणारी कंपनी टिकणार नव्हती, पण हे त्यांनी फक्त काकूंना सांगितले होते. एरवी चौदा महिने ते मुलीपेक्षा जास्त जागत होते. प्रत्येक नकाराचे पत्र ते चोरून वाचत आणि त्यात व्याकरणाची चूक सापडली तर त्यांना जरा बरे वाटे.

"दोन तास देईन बाबा, सात ते नऊ," मुलगी म्हणाली. "माझ्या फाइलींना हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?" काका म्हणाले. लहानपणी तिने पेन्सिल मागितली की ते असेच म्हणत आणि मग पेन्सिलीला टोक काढायला घेऊन मोडून ठेवत.

पहिल्या धड्यातच ब्राउझरने त्यांना जमिनीवर आणले. पानाने स्वतः उठून विंडो बंद करायची म्हटली तर ब्राउझर ऐकत नाही. ज्या विंडो त्या पानाने स्वतः उघडल्या असतील, तेवढ्याच ते बंद करू शकते. ज्याने उघडले त्यानेच बंद करावे. काकू हाच नियम डब्यांच्या झाकणांबाबत अठ्ठावीस वर्षे सांगत होत्या. काकांना तो पहिल्यांदा पटला. एक्स्टेन्शनचा दर्जा मात्र वरचा असतो. त्याने सगळ्या विंडोंची यादी मागायची, प्रत्येकीला एक क्रमांक असतो, तो उच्चारून 'काढ' म्हणायचे, की संपले. कारण नाही, सही नाही, प्रत नाही. काकांना ही व्यवस्था इतकी आवडली की त्या रात्री जेवताना त्यांनी दोनदा भात घेतला.

पहिली आवृत्ती तयार झाली. तिने यादी मागितली आणि यादीतल्या सगळ्या विंडो बंद केल्या. शेवटची विंडो बंद झाल्यावर ब्राउझरही निघून गेला, कारण थांबून तरी काय करायचे. काकांनी ब्राउझर पुन्हा उघडला. एक्स्टेन्शन जागे झाले, त्याने यादी मागितली, यादीत एक विंडो होती. काकांनी पुन्हा उघडला. आता एक्स्टेन्शन काढून टाकायचे तर त्याचे पान उघडावे लागते, आणि ते पान विंडोत उघडते. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, ही गोष्ट काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितली होती. त्यांना ती सांगायला आता कोणी नव्हते. सतरा वेळा उघडून झाल्यावर त्यांनी मुलीला हाक मारली.

मुलीने खुर्चीत न बसताच ज्या फोल्डरात प्रोग्रॅम ठेवला होता ते फोल्डर उडवले. ब्राउझर उघडला आणि उघडा राहिला.

"कशाला काही उघडं ठेवायचं, ते आधी ठरवा बाबा," ती म्हणाली. "मग बंद करा."

हा विचार काकांनी कधी केलेला नव्हता. म्हणून ते समोरच्या दारी गेले. समोर निवृत्त प्राध्यापक राहत. पदार्थविज्ञान शिकवत असत. आता दिवसभर दार उघडे टाकून जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवत.

"निकष ठरवा," प्राध्यापक म्हणाले. "सोपा ठरवा. ज्याला बराच वेळ कोणी हात लावलेला नाही, त्याचं काम संपलं. ते बाजूला करायचं." आणि मग स्वतःच कुठेतरी बघत बराच वेळ गप्प बसले.

दुसऱ्या आवृत्तीत तो निकष आला. एखाद्या विंडोत दहा मिनिटे माऊस हलला नाही, कळ दाबली गेली नाही, तर ती टाकून दिलेली समजावी आणि बंद करावी. काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारले, "आणि एखादा नुसता बघत बसला असेल तर?"

"नुसतं बघणं हे काम नव्हे," काका म्हणाले. खात्यातल्या तीस वर्षांच्या अनुभवाच्या विरुद्ध जाणारे हे विधान होते, पण त्या क्षणी ते त्यांना खरे वाटले.

ही आवृत्ती घरच्या संगणकावर अगदी शहाण्यासारखी वागली. मग काकांनी कार्यालयात अर्ज केला. नमुना 'क', तीन प्रती. 'साधन बाहेरचे आहे काय' या रकान्यात त्यांनी 'कर्मचारी आतला आहे' असे लिहिले. यावर संगणक कक्ष सहा दिवस विचारात पडला आणि सातव्या दिवशी 'एका यंत्रावर, प्रायोगिक तत्त्वावर, आठ दिवसांकरिता' अशी मंजुरी आली. सोमवारी एक्स्टेन्शन बसले. सोमवारी आणि मंगळवारी काकांच्या पडद्यावर सहापेक्षा जास्त विंडो एकदाही दिसल्या नाहीत. विंडो आपणहून मालवत, जसे शहाणे पाहुणे न सांगता उठतात. शेजारच्या कक्षातले लोक बघायला आले. कोणीतरी "साहेब, तुम्ही चुकून या खात्यात आलात" असेही म्हणाले. काकांनी मान खाली घातली, पण फार खाली नाही.

बुधवारी अकरा वाजता मुलीची मुलाखत होती. घरच्या संगणकावरून, समोर तिघेजण, तासाभराची.

मंगळवारी संध्याकाळपासून काकांनी बंदोबस्त हाती घेतला. मुलाखतीच्या वेळी घरातले दोन्ही मोबाईल पूर्ण बंद राहतील. दाराच्या घंटीची तार त्यांनी स्टुलावर चढून स्वतः काढली. संगणकाखालचा बॅटरीचा डबा मध्येच टूं टूं करी, तो काढून संगणक सरळ भिंतीत जोडला. जिन्यातला आवाज आत येऊ नये म्हणून दाराखालच्या फटीला रबरी पट्टी ठोकली. दार आतून कडी लावून घ्यायचे, म्हणजे किल्ली असलेला कोणी नातेवाईक अचानक आत येणार नाही. असा नातेवाईक कोणी नव्हता, पण म्हणून काय झाले. काकूंनी अकरा ते बारा स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे, नळ सोडायचा नाही, चालायचे नाही. आणि दारावर ठळक अक्षरात कागद: 'कोणत्याही कारणास्तव दार वाजवू नये.' 'कोणत्याही' या शब्दाखाली दोन रेघा.

"मी श्वास घेतला तर चालेल?" काकूंनी विचारले.

"नाकाने," काका म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

बुधवारी सव्वादहाला कार्यालयात मासिक आढावा होता. वरिष्ठ दुसऱ्या इमारतीत, अठरा कक्षांचे अधीक्षक आपापल्या पडद्यावर. आढाव्यात बोलायचे नसते, हे जाणून काका हात बांधून, चेहऱ्यावर लक्ष असल्याचा भाव ठेवून बसले होते. डोक्यात फक्त अकरा होते. दहा पंचवीसला वरिष्ठ म्हणाले, "मीटर-तक्रार कक्ष, मागच्या महिन्यात तुमच्याकडे बेडकाचं काय प्रकरण" आणि पडद्यावरून वरिष्ठ, सतरा अधीक्षक आणि बेडूक एका झटक्यात नाहीसे झाले.

काका कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले. आधी वाटले, वीज. दिवा तर चालू होता. मग वाटले, नेट. मग घड्याळ बघितले आणि त्यांना कळले, की आपण दहा मिनिटे हात बांधून बसलो होतो. आपल्या विंडोला आपण हात लावला नव्हता. तिचे काम संपले होते.

वरिष्ठांच्या समोरून न बोलता उठून गेल्याचा अर्थ खात्यात काय होतो, याचा घाम फुटायला साधारण अर्धे मिनिट लागते. काकांना तो फुटायच्या आतच दुसरा फुटला. घरचा संगणक. तीच आवृत्ती. अकरा वाजता मुलगी तिघांसमोर बसणार, हात मांडीवर ठेवणार, कारण हातवारे करू नकोस हेही त्यांनीच सांगितले होते. मुलाखतीत माणूस बोलतो आणि ऐकतो. माऊस हलवत नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी चौदा महिने, एकतीस अर्ज आणि चार मुलाखती एका क्रमांकाने काढल्या जाणार होत्या, आणि तिकडच्या तिघांना वाटणार होते, की ही मुलगी प्रश्न विचारताच उठून गेली.

त्यांनी मुलीला फोन लावला. बंद. काकूंना लावला. बंद. इतक्या वर्षांत त्यांच्या सूचनेचे असे तंतोतंत पालन घरात कधी झाले नव्हते.

त्यांनी प्राध्यापकांना लावला. प्राध्यापकांनी सगळे शांतपणे ऐकले, थांबा म्हणाले, चपला घातल्याचा आवाज आला, चार पावले, मग शांतता, मग पुन्हा चार पावले.

"सांगितलंत?" काकांनी विचारले.

"दारावर कागद आहे. कोणत्याही कारणास्तव वाजवू नये."

"तो मीच लावलाय."

"अक्षर ओळखलं मी. दोन रेघा आहेत."

"मी सांगतोय ना आता, वाजवा."

"असं बघा, लिहिलेलं काल शांत डोक्याने लिहिलंय. आत्ता तुम्ही घाबरलेले आहात. यातलं कोणतं मानायचं?" प्राध्यापक म्हणाले. "आणि पोरीचा सराव चालू असेल. माझ्यामुळे बिघडलं तर? तुम्ही या."

रजेसाठी काका हजेरी बघणाऱ्या बाईंकडे धावले. बाईंनी पुस्तक उघडले, पेन शोधले, पेन झटकले.

"कारण?"

"घरगुती."

"घरगुतीला आदल्या दिवशी अर्ज लागतो. आकस्मिक लिहू?"

"लिहा."

"आकस्मिकला काय घडलं ते लिहावं लागतं."

"अजून घडलेलं नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी घडणार आहे."

बाईंनी पेन खाली ठेवले. "वेळ ठरलेली असेल तर ते आकस्मिक कसं, साहेब? ते पूर्वनियोजित झालं."

"बाई, आजारी लिहा."

"तुम्हाला काय होतंय?"

काकांनी नुसते त्यांच्याकडे बघितले. बाईंनी त्यांचा चेहरा बघून मुकाट्याने 'आजारी' लिहिले आणि वर पाण्याचा ग्लास पुढे केला.

रिक्षावाल्याला काकांनी सांगितले, की अकरा दहाच्या आत पोचायचे आहे. "दवाखान्यात?" त्याने विचारले. "घरी." त्याने आरशातून एकदा बघून घेतले; घरी घाईने जाणारा माणूस त्याने बहुधा क्वचितच पाहिला असावा. दोन सिग्नल लाल, एक बंद, एका ठिकाणी पाण्याच्या पाइपासाठी खणलेला रस्ता. खणणाऱ्यांनी काकांना ओळखून नमस्कारही केला. त्या नमस्काराला त्यांनी आयुष्यात प्रथमच उत्तर दिले नाही.

अकरा वाजून सहा मिनिटांनी ते आपल्या दारासमोर होते. प्राध्यापक आधीपासून उभे होते. आतून मुलीचा आवाज येत होता, पुसट, पण ठाम. ती काहीतरी समजावून सांगत होती. मध्ये कोणीतरी हसले. मुलाखत चांगली चालली होती, म्हणजे आता मोडण्यासारखे जास्त होते.

त्यांनी कुलपात किल्ली फिरवली. कडी आतून होती. घंटीच्या बटणाकडे हात गेला; तार त्यांच्याच खिशात होती. वाजवावे, तर ऐन उत्तराच्या मध्ये दारावर धडाधडा, आणि समोर तिघे. न वाजवावे, तर चार मिनिटांनी सगळेच संपले. त्यांनी खिशातल्या पावतीच्या मागे 'माऊस हलव' असे लिहिले आणि दाराखालून सरकवायला वाकले. रबरी पट्टी अशी ठोकली होती की मुंगीला परवाना काढावा लागला असता.

"उत्तम बसवलीय," प्राध्यापक वाकून म्हणाले.

"किती वाजले?"

"सात."

"काहीतरी सुचवा हो."

प्राध्यापकांनी डोळे मिटले. "प्रश्न विंडो वाचवण्याचा नाहीच. ती जाणार. प्रश्न एवढाच, की ती कशी गेली म्हणून सांगायचं. वडिलांनी घालवली म्हटलं तर हसं. पोरीने घालवली असं त्यांना वाटलं तर नोकरी गेली. पण वीज गेली, तर कोणी कोणाला दोष देत नाही. वीज जाते. ती एक सर्वमान्य गोष्ट आहे."

काका तीन सेकंद त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग जिन्यावरून खाली धावले.

जिन्याखाली सगळ्या घरांचे विजेचे मीटर होते. त्यांच्या पेटीला कुलूप होते, आणि किल्ली अर्थातच काकांकडे होती. आपल्या घराच्या खटक्यावर हात ठेवून त्यांनी वर हाक दिली, "किती?"

"नऊ," वरून आवाज आला. "अहो, पण मी तत्त्वतः बोललो"

काकांनी खटका खाली ओढला.

वर सगळे शांत झाले. त्या शांततेत कडी सरकल्याचा आवाज स्पष्ट आला. काका एकेक पायरी चढत वर आले. दारात मुलगी उभी होती. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा.

"वीज गेली," काका म्हणाले.

मुलीने समोर बघितले. प्राध्यापकांच्या उघड्या दारातून त्यांचा पंखा गरगर फिरताना दिसत होता. मग तिने काकांच्या हाताकडे बघितले.

"बाबा, ही किल्ली कशाची?"

काकांनी एका श्वासात सगळे सांगितले. आढावा, बेडूक, हात बांधून बसणे, आजारी, रिक्षा, पट्टी. संपल्यावर मुलगी म्हणाली, "ते मी परवाच बंद केलंय."

"काय बंद केलंयस?"

"तुमचं एक्स्टेन्शन. मैत्रिणीबरोबर सराव करत होते, बोलता बोलता विंडो गेली. म्हटलं, असं कसं. पुन्हा बसले, पुन्हा दहा मिनिटांनी गेली. तिसऱ्यांदा मध्येच माऊस हलवला, तर राहिली. मग बंद करून टाकलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त करायला बसला असता."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. इतका वेळ त्या खरोखर स्टुलावर बसून होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "खटका वर करून या. आधी तेवढं करा."

काका जेवढ्या वेगाने उतरले होते त्याच्या दुप्पट वेगाने पुन्हा उतरले. वीज आली. संगणक चालू व्हायला चार मिनिटे लागली. त्या चार मिनिटांत प्राध्यापक उंबरठ्यावर उभे राहून आत यावे की घरी जावे याचा विचार करत होते, आणि त्यांना कोणी या किंवा जा म्हणाले नाही.

मुलगी पुन्हा पडद्यासमोर बसली. तिघेही अजून होते. मधोमध एक पिकल्या केसांच्या बाई, एक हातात मग घेतलेले गृहस्थ, आणि एक जण ज्यांनी स्वतःचा कॅमेरा उघडलाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या जागी नुसता काळा चौकोन होता. काका कोपऱ्यात, त्यांना दिसणार नाही असे, भिंतीला चिकटून उभे राहिले.

"वीज गेली होती का?" बाईंनी विचारले.

मुलीने होय-नाही काही म्हणायच्या आत मगवाले म्हणाले, "पत्रात लिहिलं होतं आपण. वीज आणि नेट यांची पर्यायी सोय उमेदवाराने करायची. त्याला गुण आहेत." आणि ते काहीतरी लिहू लागले.

काकांची नजर खाली गेली. पर्यायी सोय. म्हणजे तो बॅटरीचा डबा. तो टेबलाखाली, त्यांनी स्वतः काढून, वर फडके घालून ठेवला होता. सर्वमान्य गोष्टीला इथे गुण होते, आणि ते मुलीचे कापले जात होते. काकांना अब्रू फार प्यारी होती. तिच्यासाठीच तर त्यांनी खटका ओढला होता. पण चौदा महिने त्यांनी या पोरीचे दार लावलेले आणि दाराखालून येणारा उजेड बघितलेला होता. ते दोन पावले पुढे आले आणि मुलीच्या खांद्यावरून कॅमेऱ्यात वाकले. समोरच्या तिघांना बहुधा फक्त त्यांचे कपाळ दिसले असावे.

"नमस्कार. मी वडील. वीज गेली नव्हती. मी घालवली."

मगवाल्यांचे लिहिणे थांबले.

"का?" बाईंनी विचारले.

काकांनी सांगितले. एरवी ते कामाचे बोलतानाही आडवळणे घेत. आता मात्र त्यांनी क्रमाने सांगितले. सोय होती, ती मी काढली. प्रोग्रॅम मी लिहिला. हात लागला तरच माणूस कामात आहे असे त्यात मी धरले, ते चूक. तिने ते परवाच ओळखले, मला माहीत नव्हते. यात तिचा दोष नाही. गुण कापायचे असतील तर माझे कापा. इतके बोलून ते पुन्हा भिंतीला जाऊन चिकटले.

मगवाल्यांनी मग तोंडाला लावला. तो रिकामा होता, हे सगळ्यांना दिसले. तरी ते बराच वेळ पीत राहिले.

"परवा कसं ओळखलंस, ते सांग," बाई मुलीला म्हणाल्या.

मुलीने सांगितले. पहिल्यांदा काय केले, दुसऱ्यांदा काय तेच ठेवले, तिसऱ्यांदा कोणती एकच गोष्ट बदलली. बाई लिहून घेत होत्या.

"आणि दोषाच्या नोंदीत एका ओळीत काय लिहिशील?"

मुलीने क्षणभर विचार केला. "प्रोग्रॅम हातालाच माणूस समजतो. ऐकत बसलेला माणूस त्याला दिसत नाही."

काळ्या चौकोनातून पहिल्यांदाच आवाज आला. "दोष नोंदवला कोणाकडे?"

"नाही नोंदवला, सर. नुसता बंद केला."

"नियमाने लिहिणाऱ्याला कळवायचं असतं."

"लिहिणारे वडील आहेत, सर."

"बरोबर आहे," चौकोन म्हणाला.

कळवू, असे सांगून तिघे गेले. जमले असे कोणी म्हणाले नव्हते, हुकले असेही नाही, आणि काकांच्या प्रकृतीला या दोन्हींपेक्षा हे वाईट होते. पुढचे नऊ दिवस ते दाराचे कुलूप एकदाच ओढून बघत, कारण लक्षच नसे. कार्यालयात आढाव्यातून निघून गेल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला. तो देऊनही वरिष्ठांचे समाधान झाले नाही, आणि प्रयोग चौथ्याच दिवशी गुंडाळला गेला. काका पुन्हा हाताने विंडो बंद करू लागले. घरी त्यांनी मुलीला काही विचारायचे नाही असे ठरवले होते, आणि ती जिथे बसेल तिथे येऊन ते काही न विचारता बसत.

"बाबा, तुम्ही विचारलेलं परवडलं," सातव्या दिवशी ती म्हणाली.

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मुलीने त्यांना हाक मारली. पडद्यावर पत्र होते. काकांनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. नियुक्ती झाली होती. रुजू व्हायची तारीख होती, पद होते, खाली अकरा अटी होत्या. काकूंनी अजून वाचतच असलेल्या काकांच्या हातात चहा दिला आणि पदराने डोळे टिपत प्राध्यापकांना सांगायला समोर गेल्या.

काकांनी अटी एकेक करून वाचल्या. अकरावी अट इतर दहांपेक्षा वेगळ्या टंकात होती, मागाहून घातल्यासारखी. 'उमेदवारास घरून काम करण्याची मुभा राहणार नाही.'

"ही अट सगळ्यांनाच असते?" त्यांनी विचारले.

"नाही बाबा. बाकीचे आठवड्यातले तीन दिवस घरून करतात."

काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग समाधानाने मान हलवली.

"म्हणजे सुरक्षिततेचा विचार करणारी माणसं दिसतात," ते म्हणाले. "संस्था चांगली आहे."